चेहरा कंपनीचा, गळा कुणाचा?

गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी डोंगरगड, रायपूर, बिलासपूर करत ओडिशात शिरते आणि पुढे राउरकेला लागतं. या राउरकेलात वाढलेली, ओडिसी नृत्य शिकलेली श्रिया लेंका २०२२ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियाच्या ‘ब्लॅकस्वान’ या गटात निवडली गेली. भारतातली पहिली के-पॉप आयडॉल म्हणून तिचं नाव झालं. ऑनलाइन चाचणी, मग सोलमधलं प्रशिक्षण, मग निवड, हा सगळा प्रवास तेव्हा वर्तमानपत्रांनी हौसेने छापला. त्याच रेल्वेमार्गावरच्या गोंदियात किंवा आमगावात मोबाइलसमोर नाच बसवणाऱ्या मुलींना त्या बातमीत काय दिसलं असेल, हे सांगायला नको.

पुढच्याच महिन्यात सोलमध्ये ‘सुपरकाइंड’ नावाचा मुलांचा गट उतरला. बाकीचे सदस्य हाडामांसाचे होते. सेजिन नावाचा एक मात्र संगणकावर घडवलेला होता. व्हिडिओत तो इतरांच्या खांद्याला खांदा लावून नाचत होता आणि गटाच्या पोस्टरवर त्याला बरोबरीची जागा होती. पुढे याच गटात आणखी एक आभासी सदस्य आला. एका बाजूला राउरकेल्याच्या मुलीसाठी दार किलकिलं झालं आणि दुसऱ्या बाजूला गटातली एक खुर्ची अशा कुणाला मिळाली, ज्याला जेवण, झोप, पगार यांतलं काहीच लागत नाही.

के-पॉपमधल्या या आभासी सदस्यांविषयी गेली काही वर्षं चाहते, कायद्याचे जाणकार आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी मंडळी बरंच बोलत आली आहेत. त्यांच्या शंका एका जातीच्या नाहीत. काही मला पोकळ वाटतात, काही गंभीर, आणि एक तर थेट आपल्या झाडीपट्टीच्या मंडईतल्या नाटकाच्या मांडवापर्यंत पोहोचते. त्या सगळ्यांचा हा आढावा.

आधी थोडा इतिहास, कारण हा प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेतून अचानक उगवलेला नाही. जपानमध्ये १९९६ साली क्योको दाते ही संगणकनिर्मित गायिका बाजारात आली. १९९८ मध्ये कोरियाने ‘ॲडम’ आणला. त्याने गाणी गायली, जाहिराती केल्या आणि थोड्याच काळात तो दिसेनासा झाला. तो सैन्यात भरती झाला, संगणकाच्या व्हायरसने मेला, अशा वदंता तिथे अजून गमतीने सांगतात. खरं कारण साधं होतं. त्या काळच्या यंत्रांवर काही सेकंदांची हालचाल घडवायलाही फार वेळ आणि फार पैसा लागायचा. ॲडमला आवाज देणारा गायक मात्र त्या धामधुमीत पडद्याआडच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

२००७ मध्ये जपानच्याच हात्सुने मिकूने वेगळी वाट धरली. ती मुळात गाणं रचण्याचं सॉफ्टवेअर. तिच्या आवाजाचा साठा साकी फुजिता या आवाज-कलावतीचा आहे आणि ते पहिल्यापासून उघड आहे. २०१८ साली कोरियातल्या मंचावर ‘के/डीए’ हा व्हिडिओ गेममधल्या पात्रांचा गट आला. त्यांची गाणी खऱ्या गायिकांनी गायली आणि मंचावर पात्रं व गायिका एकत्र दिसल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये एसएम एंटरटेनमेंट या बड्या कंपनीने ‘एस्पा’ गट आणला तेव्हा मात्र वादाला खरं तोंड फुटलं. करिना, विंटर, जिझेल आणि निंगनिंग या चार तरुणी आणि त्यांच्या चार आभासी प्रतिकृती, अशी ती कल्पना होती. एरवी नवा गट आला की चाहते गाण्यांवर बोलतात. इथे गाणं यायच्या आधीच लोकांनी विचारलं की मुलगी कंपनी सोडून गेली तर तिची प्रतिकृती कुणाची?

त्यानंतर रांगच लागली. २०२१ मध्ये ‘इटर्निटी’ आला. त्यात खऱ्या नर्तिकांच्या अंगावर बनवलेले चेहरे चढवले जात. जानेवारी २०२३ मध्ये ‘मेव्ह’ आला, ज्याच्या चारही मुली पूर्णपणे घडवलेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘प्लेव्ह’ आला. या पाच मुलांची कार्टूनसारखी रूपं पडद्यावर दिसतात, पण आत पाच जिवंत माणसं आहेत. त्यांच्या अंगाला संवेदक बांधलेले असतात. ते हात उचलतात तेव्हा पडद्यावरचा हात उठतो आणि गातात तेही स्वतःच. कधी यंत्रणा अडखळते आणि एखाद्याचा पाय भलतीकडेच वळतो. चाहते त्या चुकांवरच खूश असतात, कारण आत कुणीतरी आहे याची ती खूण. मार्च २०२४ मध्ये या गटाने टीव्हीवरच्या साप्ताहिक संगीतस्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे हौशी पोरांचं खूळ म्हणून आता हे झटकता येत नाही.

या यादीत सगळ्यांना ‘आभासी’ म्हणतात, पण एस्पाच्या प्रतिकृती जिवंत बाईची सावली होत्या, प्लेव्ह हा जिवंत माणसाने घातलेला मुखवटा आहे आणि मेव्हमध्ये मुखवट्याच्या आत नाव घेण्यासारखं कुणीच नाही. एकाला लागू होणारा आक्षेप दुसऱ्याला लागू होत नाही. या विषयावरचे वाद भरकटतात ते बहुतेक इथेच.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे हे खोटं आहे. हा आक्षेप झाडीपट्टीतल्या माणसाने तरी घेऊ नये. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात दंडार पिढ्यान् पिढ्या चालत आली. तिच्यात मिसरूड फुटलेला गडी लुगडं नेसून नाचायचा आणि सगळा गाव त्याला बाई समजून दाद द्यायचा. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यातही तेच. मराठी रंगभूमीने बालगंधर्वांच्या शालूचं वेड अख्ख्या महाराष्ट्राला लावलं. हिंदी सिनेमाने १९३५ पासून गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे ही रीत रूढ केली आणि आपण तिला कधी फसवणूक म्हटलं नाही. सोंगाला आपल्याकडे मान आहे. तेव्हा सोंग आहे म्हणून वाईट, हा मुद्दा इथे टिकत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. दंडारीत बाई झालेला गडी दुसऱ्या दिवशी खळ्यावर दिसतो. तो कोणाचा मुलगा, त्याचा आवाज कसा, काल त्याने कुठे ताल चुकवला, हे गावाला ठाऊक असतं. सोंग उतरतं आणि माणूस उरतो, त्याच्या नावासकट. प्लेव्हच्या पाच जणांचा मुखवटा मात्र उतरत नाही. त्यांची खरी नावं कंपनी सांगत नाही आणि चाहतेही ती शोधू नयेत असा अलिखित नियम पाळतात. यात कंपनीचा धाक आहे तसं चाहत्यांचं प्रेमही आहे, हे मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप देहाचा आहे आणि तो मी अजिबात हलका मानत नाही. घडवलेल्या मुलीचं वय वाढत नाही, वजन वाढत नाही, तिला मुरूम येत नाही. आधीच उपाशी राहून बारीक होणाऱ्या खऱ्या मुलींसमोर आता अशी स्पर्धक उभी केली जाते जिला भूकच नाही. घडवलेली मुलगी कुणाच्या प्रेमातही पडत नाही. मार्च २०२४ मध्ये एस्पाच्या करिनाने एका अभिनेत्याशी जुळलेलं नातं उघड झाल्यावर चाहत्यांची हस्तलिखित माफी मागितली होती. जिची आभासी प्रतिकृती कंपनीने आधीच तयार ठेवली होती, त्याच मुलीला जिवंत माणसासारखं वागल्याबद्दल माफी मागावी लागली. आयडॉलकडून कंपन्यांना आणि काही चाहत्यांना नेमकं काय हवं असतं, ते या एका प्रसंगात उघडं पडतं. आभासी सदस्य ही मागणी निर्माण करत नाही, पण ती पुरी करता येते असं दाखवून तिला बळ देतो.

यापेक्षा काळी बाजू डीपफेकची. डीपट्रेस या संस्थेने २०१९ मध्ये इंटरनेटवरच्या डीपफेक चित्रफितींची पाहणी केली. त्यातल्या ९६ टक्के अश्लील होत्या आणि त्या अश्लील चित्रफितींत वापरलेल्या चेहऱ्यांपैकी सुमारे चौथाई कोरियाच्या गायिकांचे होते. २०२४ मध्ये कोरियाच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींचे असे व्हिडिओ टेलिग्रामवर सापडले, देश हादरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असे व्हिडिओ जवळ बाळगणं आणि पाहणंही गुन्हा ठरवणारी दुरुस्ती कायद्यात झाली. एस्पाच्या वेळी, २०२० मध्येच, स्त्रियांनी घेतलेला आक्षेप याच भीतीतून आला होता. कंपनीनेच मुलीची त्रिमितीय, हवी तशी वळवता येणारी प्रतिकृती बनवून बाजारात ठेवली, तर वाईट हेतूच्या माणसाचं अर्धं काम आयतं होतं.

हे लांबच्या देशातलं म्हणून सोडता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ फिरला आणि केंद्र सरकारला दखल घ्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये आसामात एका तरुणाला अटक झाली. त्याने ओळखीतल्या एका मुलीच्या फोटोवरून एआयने मादक अवतार तयार केला होता, इन्स्टाग्रामवर त्याचे दहा लाखांहून अधिक अनुयायी जमले होते आणि त्यावर तो पैसे कमावत होता. त्या मुलीला आपण इतक्या प्रसिद्ध आहोत याचा पत्ताच नव्हता. आणि आता आपल्याकडे पाहा. मंडईच्या रात्री नाटकाला स्पर्धा म्हणून हल्ली ‘डान्स हंगामा’ उभा राहतो. मंचावरच्या मुलीसमोर शंभर मोबाइल वर झालेले असतात. त्यातल्या प्रत्येकात तिचा चेहरा, तिची चाल, तिचं अंग साठवलं जातं. तिच्या परवानगीचा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. कोरियन कंपनी प्रतिकृतीसाठी स्टुडिओत लाखो खर्च करते. इथे तो कच्चा माल फुकट गोळा होतो.

तिसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो अर्धा खरा आहे. प्लेव्हसारख्या गटामागे पाच गाणारे आहेतच, शिवाय चित्रकार, तंत्रज्ञ, नृत्यदिग्दर्शक यांची मोठी फौज आहे. माणसं कमी झाली म्हणावं तर उलट वाढलीच. वय झालं म्हणून, चेहरा चारचौघांसारखा म्हणून नाकारले गेलेले कलावंत अशा रूपातून पुन्हा उभे राहू शकतात, हाही एक लाभ आहे. सावळ्या रंगामुळे नायिकेची भूमिका न मिळालेल्या आपल्याकडच्या किती गुणी नट्यांना अशी संधी हवीशी वाटली असती! लंडनमध्ये मे २०२२ पासून चालू झालेल्या ‘ॲबा व्हॉयेज’ या प्रयोगात स्वीडनच्या त्या चार वयस्क गायकांची तरुणपणीची रूपं गातात. त्यासाठी त्या चौघांनी पाच आठवडे अंगाला संवेदक लावून, १६० कॅमेऱ्यांसमोर काम केलं आणि प्रयोगात वाजवायला दहा जणांचा जिवंत वाद्यवृंद ठेवला. तंत्र तेच, पण धनी कलावंत आहेत आणि वादकांच्या पोटावर पाय आलेला नाही.

मेव्हच्या वाटेने गेलं तर मात्र हिशेब बदलतो. तिथे चेहरा कुणाचाच नाही, आवाज घडवलेला, आणि नाचाच्या हालचाली ज्यांनी दिल्या ती माणसं प्रेक्षकांसमोर येत नाहीत. त्यांची मजुरी एकदाच, कमाई मात्र पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्याची. मला भीती या वाटेची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. जपानमध्ये २०१६ च्या अखेरीस ‘किझुना आय’ नावाची आभासी मुलगी यूट्यूबवर आली आणि जगभर गाजली. तिला एका आवाज-कलावतीने जिवंत केलं होतं, पण त्या कलावतीचं नाव जाहीर नव्हतं. २०१९ मध्ये त्याच चेहऱ्यामागून एकाएकी वेगळे आवाज बोलू लागले. एका किझुनाच्या अनेक किझुना झाल्या. चेहरा तोच, कपडे तेच, नाव तेच. चाहत्यांना कळलं आणि ते खवळले. जिच्यावर त्यांनी जीव लावला होता तिला न सांगता बाजूला केलं जात आहे, असं त्यांना वाटलं. पहिल्या आवाजाचं नाव त्यानंतरच लोकांसमोर आलं. आभासी सदस्याचं सगळं अर्थकारण या एका प्रसंगात दिसतं. लोकांचं प्रेम चेहऱ्याच्या नावे जमा होतं, आणि चेहरा कंपनीच्या मालकीचा.

कोरियात याला पूर्वपीठिका आहे. ‘बीस्ट’ नावाचा गाजलेला गट २०१६ च्या शेवटी कंपनीतून बाहेर पडला. नावाचे हक्क कंपनीकडे होते, म्हणून त्याच मुलांना २०१७ मध्ये ‘हायलाइट’ या नव्या नावाने सुरुवात करावी लागली. नाव गेलं, पण चेहरे त्यांचेच होते. लोकांनी ओळखलं आणि ते टिकले. २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणून मुदत सात वर्षांवर मर्यादित केली, ती याच साठी की कलावंताला कधीतरी मोकळं होता यावं. अवताराच्या आतल्या माणसाला ही मोकळीक कागदावर मिळाली तरी हातात काय उरतं? सात वर्षांनी तो बाहेर पडेल तेव्हा त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नसेल.

आपल्याकडे ही गोष्ट एकदा घडून गेलेली आहे. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपटातलं लता मंगेशकरांचं गाणं गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी कोण, हे विचारणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली आणि मग लताबाईंचं नाव पुढे आलं. पुढे साठच्या दशकात गायकांना गाण्याच्या कमाईत वाटा मिळावा म्हणून त्या भांडल्या, त्यासाठी त्यांनी रफीसाहेबांशीही वितुष्ट घेतलं. कायद्यात कलावंताचा वाटा नीट लिहिला गेला तो २०१२ च्या दुरुस्तीने आणि गायकांची हक्कसंस्था उभी राहिली २०१३ मध्ये. लताबाईंच्या जागी सात वर्षांच्या कराराने बांधलेली एखादी अनामिक मुलगी असती, तर आज आपण ‘कामिनी’ची जन्मशताब्दी साजरी करण्याच्या तयारीत असतो.

प्लेव्हच्या बाबतीत न्यायालयाने याच दिशेने एक पाऊल टाकलं आहे. समाजमाध्यमांवर एकाने या गटाच्या पात्रांबद्दल घाणेरडं लिहिलं. खटला झाला तेव्हा त्याचा बचाव असा की ही तर कार्टून आहेत, कार्टूनची बदनामी कशी होईल? २०२५ मध्ये कोरियाच्या न्यायालयाने हा बचाव फेटाळला. पात्रामागे खरी माणसं आहेत, पात्राला दिलेली शिवी त्यांना लागते, असं म्हणून प्रत्येकाला एक लाख वॉन भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ आहे, आपल्या पैशांत सहा हजारांच्या आसपास. पण शिवी जर आतल्या माणसाची असेल तर टाळी आणि पैसाही त्याचाच असायला हवा, हा पुढचा तर्क आता टाळता येणार नाही.

भारतात काय स्थिती आहे? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा ‘सादरकर्ता’ कोण हे सांगताना नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचीही नावं घेतो. त्या हिशेबाने सालेकशातला दंडारवालाही त्यात बसतो. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करता येत नाही, त्याचं नाव लावणं आणि त्याची कला विद्रूप न करणं हाही त्याचा हक्क आहे, आणि या हक्काची मुदत ५० वर्षं आहे. कागदावर हे सगळं चोख आहे.

आवाजाच्या चोरीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दोनदा ठाम भूमिका घेतली. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने, एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मनाई झाली. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, हेही नोंदवायला हवं. राजकारणाने मात्र असा संकोच ठेवलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांचं एआयने घडवलेलं भाषण ऐकवलं गेलं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात हयात नसलेल्या माणसाच्या संमतीचा मुद्दा सोडून बाकी सगळं होतं.

पण या निकालांत एक मेख आहे. न्यायालय संरक्षण देतं ते प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीला. आवाज ऐकताच देश ओळखतो, त्या ओळखीला बाजारात किंमत आहे, म्हणून चोरी सिद्ध होते. देवरीच्या कोपऱ्यात खलनायकाच्या हशाने मांडव दणाणून सोडणाऱ्या नटाचा हशा कुणी उचलला, तर त्याने कुठल्या प्रसिद्धीचे पुरावे द्यायचे? नागपूरच्या खंडपीठात वकील उभा करायला हंगामाची कमाई पुरायची नाही.

आणि झाडीपट्टीच्या नटाची कमाई असते तरी किती दिवसांची? धान निघायला लागला, भाऊबीज झाली की मंडया भरतात, शंकरपट होतात आणि नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. गावचं मंडळ वडशाच्या नाटक कंपन्यांशी ठराव करतं. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत रंगतं. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाने इथल्या मांडवांत हजारो प्रयोग केले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला अभ्यासकांपुढे आणल्या. तृषांत इंगळे यांनी २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ चित्रपटात हीच दुनिया मोठ्या पडद्यावर मांडली. या रंगभूमीची खरी ताकद नावात आहे. पोस्टरवर नाटकाच्या नावाइतकंच ‘कोण येणार’ याला महत्त्व. नट यंदा एका कंपनीत, पुढच्या साली दुसरीत, पण नाव त्याच्यासोबत जातं. कोरियाच्या अब्जावधींच्या धंद्यात जे स्वातंत्र्य बीस्टच्या मुलांना झगडून मिळवावं लागलं, ते आपल्या नटाकडे सहज आहे. सुरक्षितता मात्र शून्य. २०२० चा करोनाचा हंगाम बुडाला तेव्हा हातात काहीच नव्हतं. म्हातारपणी सरकारचं महिन्याला ५ हजार रुपये मानधन मिळालं तर मिळालं.

झाडीपट्टीत उद्या कार्टूनचा नायक येईल, असं मला वाटत नाही. थंडीत घोंगडी पांघरून रात्र काढणारा प्रेक्षक पडद्यासाठी येत नाही, तो पडदा त्याच्या खिशात आहे. बदल येईल तो दुसऱ्या टोकाने. नाटकाचं चित्रण यूट्यूबवर जातं, त्यातला आवाज कुणीतरी उचलतो, गाण्यासाठी पेटी-तबल्याच्या आणि गळ्याच्या जागी यंत्रातून निघालेला तयार माल येतो. आधी पार्श्वगायिका कमी होईल, मग ऑर्गनवाला, आणि हे सगळं स्वस्त पडतं म्हणून होईल, कुणाच्या दुष्टपणाने नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एआयने घडवलेल्या मजकुरावर तशी ठळक खूण असावी असा मसुदा काढला. प्रेक्षकाची फसवणूक टाळायला ते ठीक आहे. पण ‘हा आवाज कृत्रिम आहे’ एवढी पाटी लावून तो कुणाच्या गळ्यातून उचलला आणि त्याला किती दिले, हे कळत नाही.

म्हणून आभासी सदस्य चांगला की वाईट, या प्रश्नात मला फार रस उरलेला नाही. हात्सुने मिकू चालते, कारण तिच्यामागच्या गळ्याचं नाव जगाला माहीत आहे. ॲबा चालतो, कारण ते स्वतः धनी आहेत. प्लेव्हच्या मुलांना निदान न्यायालयाने माणूस म्हणून मोजलं. किझुना खटकते आणि मेव्ह खटकतो, कारण तिथे राबणारा माणूस हिशेबातून पुसता येतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या नाट्यमंडळांना आणि वडशाच्या कंपन्यांना एक विनंती. येत्या हंगामाचा ठराव तोंडी करू नका, कागदावर करा. प्रयोगाचं चित्रण होणार का, ते कुठे टाकणार, त्याच्या कमाईत नट-गायकांचा वाटा किती, आणि त्यांचा आवाज किंवा चेहरा यंत्राला शिकवायला वापरायचा झाल्यास वेगळी लेखी परवानगी लागेल, हे त्यात लिहा आणि त्याची एक प्रत नटाच्या हातात द्या. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही, आणि खर्च येईल तो एका कागदाचा.